अंगुस्तान : सुईमागचं बोट

माझ्या धाकट्या मावशीच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात नखुरडं झालं. वाई तालुक्यातल्या तिच्या गावात नखुरडं ही काही कुणाला सांगायची गोष्ट नव्हे. हळदीचा लेप लावतात, नाहीतर लिंबाला भोक पाडून त्यात बोट खुपसून ठेवतात आणि चार दिवसांनी कामाला लागतात. पण मावशीला साखरेचा आजार आहे. सूज मनगटापर्यंत चढली, तालुक्याच्या गावी नेऊन बोट चिरावं लागलं, आणि डॉक्टरांनी बजावलं की सुईचं काम आता बंद. मावशी वाकळा शिवते. आधी घरच्यांसाठी आणि लेकी-सुनांच्या बाळंतपणांसाठी शिवायची. गेली सात-आठ वर्षं पुण्यातल्या एका बाईंच्या मागणीप्रमाणे शिवून देते, आणि त्या मजुरीतून तिच्या गोळ्यांचा खर्च निघतो. म्हणजे सुई बंद तर गोळ्याही बंद, असा पेच होता.

जखम भरल्यावर मी तिला एक अंगुस्तान नेऊन दिलं. पितळी, टोपीसारखं, अंगभर बारीक खळगे असलेलं. तिने ते बोटात घातलं, दहा-बारा टाके घातले आणि काढून माझ्या हातावर ठेवलं.

"ह्या टोपड्यानं सुईच कळंना गं. तुझं तूच ठेव."

मी परतले ती थोडी रागावूनच. पूर्वी गोधडीवर लिहिलेल्या एका छोट्या लेखात मी असं विधान केलं होतं की आपल्या बायकांनी अंगुस्तान आपलंसं केलं नाही, ते निव्वळ सवयीपायी. मावशीने जणू माझा पुरावाच माझ्या हातावर ठेवला होता. ते विधान चुकीचं होतं. ते कसं चुकलं हे शोधताना अंगुस्तान या दीड इंचाच्या वस्तूविषयी जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

सुरुवात हिशेबापासून करते, कारण हिशेब केल्याशिवाय बोटाचे कष्ट लक्षात येत नाहीत. एका माणसाची गोधडी सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद धरू. मावशी कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घालत मध्यापर्यंत येते. (कारवार जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात त्याही अशाच कडेकडून आत येतात.) दोन फेऱ्यांत साधारण दोन सेंटिमीटर अंतर असतं. एवढ्या क्षेत्रफळात तेवढ्या अंतराने फेरे घातले तर धावदोऱ्याची एकूण लांबी भरते सुमारे सव्वाशे मीटर. एक टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरला, तर एका गोधडीत साडेबारा हजार टाके झाले. मावशी एका वेळी सुईवर तीन-चार टाके भरते आणि मग सुई ढकलते. म्हणजे एका गोधडीमागे तीन ते चार हजार वेळा सुईचं नेढ्याकडचं टोक त्याच बोटाच्या जवळपास त्याच जागी रुततं.

आता त्या टोकाचा विचार करा. सुईची अणी टोचते हे आपण सगळे जाणतो, पण शिवणाऱ्याच्या बोटाची खरी दुश्मन अणी नसते, नेढं असतं. पाऊण मिलिमीटर जाडीच्या सुईचं मागचं टोक अर्ध्या चौरस मिलिमीटरहून लहान भरतं. त्यावर एक किलो वजनाइतका जोर दिला, तर बोटाच्या त्या बिंदूवर चौरस सेंटिमीटरला सव्वादोनशे किलोंहून जास्त दाब येतो. कातडी तो काही काळ सोसते, घट्टा धरते. मग घट्ट्याला चीर पडते, आणि चिरेतून घाण आत जाते. मावशीचं नखुरडं असंच झालं.

इथे एक प्रश्न पडतो आणि तो मलाही पडला होता. मावशीच्या आईने, म्हणजे माझ्या आजीने, आयुष्यभर वाकळा शिवल्या. तिच्या बोटांना असं काही झालेलं कुणाला आठवत नाही. मग मावशीलाच का? याचं उत्तर मला कापडात सापडलं. आजीची वाकळ जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची असायची. दहा-दहा वर्षं नदीवर आपटून धुतलेलं सुती कापड, त्याची वीण सैल झालेली, खळ केव्हाच निघून गेलेली. असे चार-पाच थर एकावर एक ठेवले तरी सुई लोण्यातून जावी तशी जाते. पुण्याहून मावशीला जे कापड येतं ते नवं असतं, कारण गिऱ्हाइकाला नवं हवं असतं. त्यात खळ असते, वीण घट्ट असते, कधी कधी सिंथेटिक धाग्याची भेसळ असते. दिसायला गोधडी तीच, टाका तोच, पण प्रत्येक वेळी लागणारा जोर कितीतरी वाढलेला. आजीला अंगुस्तान लागलं नाही म्हणून मावशीलाही लागू नये, हे म्हणणं चिखलातल्या वाटेवरच्या अनवाणी माणसाचा दाखला खडीवरून चालणाऱ्याला देण्यासारखं आहे. आणि माझ्या जुन्या लेखात मी नेमकं तेच केलं होतं.

अंगुस्तानाशी माझी पहिली ओळख शाळेतली. शिवणाच्या तासाला प्रत्येकीच्या पेटीत सुया, रीळ, कात्री आणि एक अ‍ॅल्युमिनियमचं अंगुस्तान असावं लागे. ते कशासाठी, हे आम्हांला कुणी सांगितलं नाही. "बोटाला सुई टोचू नये म्हणून" एवढंच काय ते कळलं होतं. त्यामुळे आम्ही ते डाव्या हाताच्या तर्जनीत घालायचो, कारण टोचायची ती तिथेच! बाईंनी तपासणीच्या वेळी ते मधल्या बोटात आहे की नाही एवढंच पाहिलं. तपासणी झाली की आम्ही त्यात चिंचेचे चिंचोके भरत असू.

अंगुस्तान हे चिलखत आहे, ही समजूत फार पसरलेली आहे आणि तिनेच बराच घोळ केला आहे. सुई ढकलणं हे त्याचं पहिलं काम. अंगावरचे ते खळगे शोभेचे नसतात. गुळगुळीत धातूवर सुईचं टोक ठरत नाही, घसरतं, आणि घसरलं की बोटाच्या कडेत घुसतं. खळग्यात टोक अडकतं, मग जोर सरळ सुईच्या दिशेने लागतो. म्हणून अंगुस्तान निवडताना आधी खळगे पाहावेत. ते नीट खोल हवेत, आणि ज्या जागेने तुम्ही सुई ढकलता त्या जागी हवेत. हल्ली बाजारात नक्षीदार, मीनाकारीची जी अंगुस्तानं मिळतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचे खळगे एवढे उथळ असतात की ती कपाटात मांडून ठेवण्यापलीकडे उपयोगाची नाहीत.

आता थोडं शब्दाकडे. 'अंगुस्तान' हा फारसीतून आलेला शब्द. 'अंगुश्त' म्हणजे बोट, त्याचं 'अंगुश्ताना'. फारसी 'अंगुश्त' आणि आपला संस्कृत 'अंगुष्ठ' हे एकाच कुळातले, त्यामुळे परका असूनही तो मराठीच्या कानाला परका वाटला नाही. गंमत अशी की फारसीत हाच शब्द तिरंदाजाच्या अंगठ्यातल्या कड्यासाठीही वापरला जाई. धनुष्याची दोरी अंगठ्याने ओढताना कातडी सोलून निघू नये म्हणून ते कडं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शाहजहानचं असं एक पांढऱ्या जेडचं कडं आहे, त्यावर सोन्यात बादशहाची पदवी आणि हिजरी १०४० हे साल कोरलेलं आहे, म्हणजे इसवी सन १६३०-३१. आपल्याकडे महाभारतातल्या योद्ध्यांच्या हातात 'अंगुलित्राण' असतं, तेही त्याच जातीचं. बोट वाचवण्याची गरज शिंप्याआधी धनुर्धराला नाव देण्याइतकी महत्त्वाची वाटली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

गोव्यात गेलं की शब्द बदलतो. तिथे 'देदाल', पोर्तुगीज 'देदाल'वरून. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला बोटाचा शब्द, 'दिजितुस'. पोर्तुगीज जहाजं जिथे जिथे गेली तिथे ही वस्तू आणि हा शब्द बरोबरीने उतरला असावा. सिंहलीत 'दिदालय', मलायात 'बिदाल'. आसगावात जन्मलेले आपले कोशकार मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फ दलगाद यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा मोठा संग्रह १९१३ साली प्रसिद्ध केला. त्यात असे घरगुती शब्द पानोपानी भेटतात. जर्मन भाषेत अंगुस्तानाला 'फिंगरहूट' म्हणतात, म्हणजे बोटाची टोपी. त्याच नावाचं घंटेसारख्या फुलांचं एक झाड तिकडे उगवतं. १५४२ साली लेओनहार्ट फुक्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने जर्मन नावाचं लॅटिन करून त्याला 'डिजिटॅलिस' असं नाव दिलं. पुढे १७८५ मध्ये विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने त्या झाडाच्या औषधी उपयोगावर आपला ग्रंथ लिहिला, आणि हृदयाच्या विकारात ते औषध रूढ झालं. आज डिगॉक्सिनची गोळी घेणाऱ्या प्रत्येकाच्या औषधाच्या डबीत अंगुस्तानाचं नाव पडून असतं, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

आणि एका ठिकाणी अंगुस्तान नाही, तेही सांगायला हवं. नामदेव जातीने शिंपी. गुरु ग्रंथ साहिबात आसा रागातलं त्यांचं जे पद आहे, त्यात गज येतो, कात्री येते, सुई येते, धागा येतो. शिंप्याचं सगळं सामान देवाच्या कामाला लागतं. अंगुस्तान तेवढं येत नाही. यावरून तेराव्या-चौदाव्या शतकात आपल्या शिंप्यांकडे ते नव्हतं, असं म्हणण्याचं धाडस मी करणार नाही. कवितेत न आलेल्या वस्तू घरात नसतातच असं नाही. तरी ते न येणं मला टोचत राहिलं.

युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकांत जर्मनीतलं न्यूरेम्बर्ग हे पितळी अंगुस्तानांचं मोठं केंद्र होतं. तिथे अंगुस्तान घडवणारे कारागीर हा स्वतंत्र धंदा होता. त्या काळची अंगुस्तानं पाहिली तर खळगे हाताने ठोकलेले दिसतात, टोकापासून खाली गोगलगाईसारखे फिरत आलेले, थोडे वाकडेतिकडे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉफ्टिंग या हॉलंडहून आलेल्या माणसाने लंडनजवळ इस्लिंग्टनला यंत्रावर अंगुस्तानं बनवायला सुरुवात केली आणि पुढे पाण्याच्या शक्तीसाठी कारखाना थेम्सकाठी ग्रेट मार्लोला हलवला. तेव्हापासून खळगे ओळीत आले. चांदीच्या अंगुस्तानांची हौस युरोपात मोठी होती, पण चांदी मऊ. पोलादी सुई ती सहज भोकसते. १८८४ साली हॅलिफॅक्सच्या चार्ल्स हॉर्नर यांनी दोन चांदीच्या पापुद्र्यांमध्ये पोलादाचा थर घालून ही अडचण सोडवली. त्यांची 'डॉर्कस' नावाची अंगुस्तानं आजही संग्राहक शोधत असतात. मी स्वतः संग्राहक नाही. वापरून झिजलेली वस्तू मला जास्त बोलकी वाटते.

हे सगळं वाचून झालं तरी मावशीने टोपडं का परत केलं, याचं उत्तर वाचनात नव्हतं. ते मिळालं साताऱ्यात, कोट शिवणाऱ्या एका वृद्ध शिंप्यांच्या दुकानात. कोटाच्या कॉलरला आतून शेकडो बारीक टाके हाताने घालावे लागतात. ते काम करणारे आता फार थोडे उरले आहेत. त्यांच्या बोटात जे होतं त्याला वरची टोपीच नव्हती. दोन्ही बाजूंनी उघडी, खळगे पाडलेली पोलादी नळी. मी विचारलं, वरचं तुटलं का? ते हसले.

"ताई, टोपीवालं भरतकाम करणाऱ्यांचं. त्यांना सुई वरून खाली टोचायची असते. आम्ही बोटाच्या कडेनं ढकलतो. शेंडा उघडा असला की कापड कळतं."

मग त्यांनी बोट दाखवलं. मधलं बोट दुमडलेलं, सुई अंगठा आणि तर्जनीत धरलेली, आणि नेढं मधल्या बोटाच्या नखाशेजारच्या कडेवर टेकलेलं. इंग्लंडमध्ये शिंप्याकडे नव्याने कामाला आलेल्या पोराचं मधलं बोट दुमडलेल्या स्थितीत दोऱ्याने बांधून ठेवत, सवय व्हावी म्हणून. ते मी वाचलेलं होतं, पण त्याचा अर्थ त्या दुकानात उमगला. पहिले काही दिवस पोराला जेवतानाही ते बोट सरळ करायचं नसे.

पुढच्या खेपेला मावशीकडे गेले तेव्हा अंगुस्तान नेलंच नाही. कुंकवाची डबी घेतली. सुईच्या नेढ्याला तेलात कालवलेलं कुंकू लावलं आणि म्हटलं, नेहमीसारखी शीव. (तिची सून बघतच राहिली. तिला वाटलं वाकळेची पूजा आहे.) पंचवीस-तीस टाक्यांनंतर बोट उलगडून पाहिलं. बोटाचा शेंडा स्वच्छ होता. लाल ठिपके सगळे मधल्या बोटाच्या बाजूवर, पहिल्या पेराच्या सांध्याजवळ, काही तर त्याच्याही खाली. बोट चिरलं होतं तीच जागा. माझं टोपडं तिथे पोचतच नव्हतं. म्हणजे दुखरी जागा उघडी आणि ज्या शेंड्याने ती कापडाचे थर चाचपते, तो झाकलेला. तिला सुई 'कळंना' झाली यात तिची काय चूक?

असं का होतं हे समजायला बसण्याकडे पाहावं लागतं. इंग्लंड-अमेरिकेतली हातशिलाईची क्विल्ट लाकडी चौकटीत किंवा गोल रिंगेत ताणून बसवतात. कापड हवेत असतं, एक हात वर आणि एक खाली. सुई जवळजवळ उभी टोचायची, खालच्या बोटाला अणी लागली की ते तिला वर ढकलतं, वरच्या हाताने सुई आडवी करून पुन्हा उभी करायची, असं झोपाळ्यासारखं चालतं. त्यात नेढं बोटाच्या शेंड्यावर येतं. म्हणून त्या बायका वरून बंद, सपाट माथ्याचं आणि माथ्याला बारीक काठ असलेलं अंगुस्तान वापरतात. काठामुळे सुई माथ्यावरून निसटत नाही. गोधडी मात्र जमिनीवर अंथरलेली असते आणि शिवणारी तिच्यावरच बसलेली. कापड ताणलेलं नसतं, सुई कापडाला समांतर, आडवी धावते, आणि मागून ढकलायची ती बोटाच्या बाजूने किंवा बुडख्याने. दोन्ही शिवणींचा टाका कापडावर एकसारखा दिसतो, पण हात वेगळे, म्हणून टोपीही वेगळी.

आडव्या सुईचे इतर लोकही जगात आहेत आणि त्यांनी आपापला मार्ग काढला आहे. जपानमध्ये साशिको शिवणारे मधल्या बोटाच्या मुळाशी एक कडं घालतात, त्याला तळहाताच्या बाजूने खळग्यांची एक चकती असते. लांब सुईचं नेढं त्या चकतीवर टेकवतात आणि अख्ख्या तळव्याचा जोर लावतात. चीनमध्ये साधं खळग्यांचं कडंच वापरतात, बहुतेक मधल्या बोटात. कोरियात तर्जनीसाठी कापडाचे थर शिवून, वरून भरतकाम केलेलं छोटं कवच करतात. जहाजाची शिडं शिवणारे कामगार तळहाताभोवती चामड्याचा पट्टा बांधतात, त्यात अंगठ्याच्या उंचवट्याजवळ धातूची खळगेदार चकती बसवलेली असते. कारण शिडाचं कापड बोटाच्या जोराला दाद देत नाही. आपल्याकडे बायका काय करतात? चिंधी गुंडाळतात. मावशी कधीकधी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून तर्जनीत घालते, पण तो सुई ढकलायला नव्हे, दुसऱ्या बाजूने ओढून काढायला. ओढायला रबर उत्तम, ढकलायला कुचकामी. हा फरक तिला कुणी शिकवलेला नव्हता.

म्हणून अंगुस्तान घ्यायला जाल तेव्हा बोट दाखवू नका, आधी घरी टाके घालून बघा. नेढ्याला कुंकू किंवा शाई लावून ढकलण्याची जागा नक्की करा. शेंड्यावर ठिपका आला तर बंद अंगुस्तान, बाजूला आला तर उघडं, पेराच्या खाली आला तर कडं. नखं वाढवणाऱ्यांना आणि ज्यांच्या बोटांना घाम येतो त्यांनाही उघडंच बरं. मग माप. बोटात घालून हात खाली करून हलका झटकावा. पडता कामा नये. काढताना बोट ओढल्यासारखं झालं तर ते लहान आहे. बंद अंगुस्तानात बोटाचा शेंडा माथ्याला टेकला पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर प्रत्येक ढकलीला बोट आत सरकतं आणि तासाभरात दुखायला लागतं. बोटं सकाळी बारीक आणि दुपारी उन्हात जाड असतात, थंडीत आणखी बारीक, म्हणून ज्या वेळी शिवायला बसता त्या वेळी माप पाहावं. जुने शिंपी अंगुस्तान घालताना बोट जिभेला लावतात, ओलसर बोटावर ते धरून राहतं. मावशीने तसं करू नये असं मी तिला सांगितलं आहे.

धातूबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पितळ चांगलं, पण घामाने बोट हिरवं होतं आणि काहींना खाज सुटते. पोलाद टिकतं, गंजतं. अ‍ॅल्युमिनियम हलकं आणि स्वस्त, नव्या कापडाच्या गोधडीला ते महिना-दोन महिन्यांत भोकसलं जातं. प्लास्टिक घेऊ नये. चामड्याचं बोटाला सुखाचं असतं, मात्र त्याला नेढं लागतं त्या जागी आतून धातूचा तुकडा शिवलेला हवा.

सुईचाही विचार अंगुस्तानाबरोबर करायला हवा. हातसुयांच्या पुडक्यावरचा आकडा वाढत जातो तशी सुई बारीक होते. चौकटीवर क्विल्ट शिवणाऱ्या बायका आखूड, बारीक सुया घेतात. जमिनीवरच्या गोधडीला लांब सुई सोयीची, कारण तिच्यावर चार टाके भरता येतात. पण सुई जितकी लांब तितकी ती वाकते आणि नेढं बाजूला सरकतं, म्हणून खळगे खोल हवेत. सुई दर दोन-तीन गोधड्यांनी बदलावी. बोथट अणी बोटाकडून दुप्पट जोर मागते. आणि नव्या कापडाची वाकळ शिवायची असेल तर आधी ते कापड गरम पाण्यात भिजवून, धुऊन खळ काढावी. अंगुस्तान घेण्याआधी करायची ही गोष्ट आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. पुण्याच्या बाईंना मी हे समजावलं. धुतलेलं कापड नवं दिसत नाही असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी तयार गोधडीला इस्त्री करून द्यायच्या बोलीवर त्या राजी झाल्या.

उघडं अंगुस्तान शोधायला मी रविवार पेठेत बोहरी आळीत तीन फेऱ्या मारल्या. टोपीवाली ढिगाने होती. उघडी मिळाली ती सगळी पुरुषांच्या बोटांची. शिंप्याचा धंदा बहुतेक पुरुषांचा, तेव्हा मापंही त्यांचीच. दुकानदाराला मी बाईमाणसाचं माप मागितलं तर त्याने पुन्हा टोपीवाल्यांची डबी पुढे केली. या एका डबीत मला माझ्या जुन्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर दिसलं. शाळेच्या शिवणाच्या पेटीतून आणि भरतकामाच्या वर्गातून बायकांकडे आलं ते बंद अंगुस्तान. उघडं राहिलं पुरुषांच्या दुकानात. आणि गोधडी शिवणारीच्या हाताला जे लागत होतं ते नेमकं उघडं. कुणी मुद्दाम असं ठरवलं असेल असं मला वाटत नाही. गोधडी हा धंदा नव्हता, तिला मजुरी नव्हती, म्हणून तिच्या हाताचं माप घ्यायला कुणी गेलं नाही.

त्यातल्या त्यात लहान असं एक पोलादी अंगुस्तान मी घेतलं. ते मावशीच्या बोटात फिरत होतं. मी पकडीने चेपायला घेतलं तर तिने हातातून काढून घेतलं, जुन्या पातळाची बोटभर चिंधी आतून गुंडाळली, ते पहिल्या पेरावर सरकवलं आणि बसली. पहिले चार दिवस तिने मला फोनवर शिव्याच दिल्या. टाका मोठा पडतोय, फेरा वाकडा जातोय, बोट जड झालंय. पाचव्या दिवशी फोन आला नाही. पंधरा दिवसांनी तिच्या सुनेने कळवलं की आत्याबाई दुपारभर शिवतात आणि बोट बघायला दिलं तर नुसती चिंधीची लाल रेघ उठलेली असते.

दिवाळीच्या आधी मी गेले तेव्हा ते अंगुस्तान रिळावर टोपीसारखं उपडं ठेवलेलं होतं. डॉक्टरांची परवानगी अजून निम्म्या दिवसापुरतीच आहे आणि मावशी ती पाळत नाही. तिने मला आणखी दोन अंगुस्तानं आणायला सांगितलं आहे, एक वरच्या आळीतल्या जावेला आणि एक सुनेला. सुनेचं बोट बारीक आहे. तिच्यासाठी एक पितळी कडं मी कासाराकडे करायला टाकलं आहे. खळगे पाडायला त्याच्याकडे हत्यार नाही, तेव्हा ते साताऱ्याच्या शिंप्यांकडे न्यावं लागेल.